तांब्यावरची चकाकी

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, शाळेतल्या ज्या मैत्रिणीला मी माझं वजनसुद्धा खरं सांगते तिलाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसले आहे. का? तुम्ही समोर नाही आहात म्हणून असेल. समोर असता तर मी चहा टाकला असता, इकडचं तिकडचं बोलले असते आणि तुम्हाला दारापर्यंत पोचवून आले असते. आजवर सगळ्यांना तसंच पोचवलं.

खरं तर एका वाक्याचं काम आहे. पण ते वाक्य आत्ताच टाकलं तर तुम्ही म्हणाल — एवढंच? हो, एवढंच. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर मोडलं नाही. एका चित्रावर ब्रशचा — नाही, ब्रश नव्हता, चाकू होता, रंगाचा चाकू — एक फटका. बस्स. पण तो का मारला आणि कुणाच्या तोंडावर मारला, हे कळायचं तर आधी तो माणूस कळायला हवा.

माझे सासरे. आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणायचे. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. टीचर म्हणायचे. अर्धं कौतुक, अर्धी थट्टा.

मामांची सगळी हयात उल्हासनगरला गेली, कॅम्प दोनच्या बाजारात, एका सिंधी शेठच्या भांड्यांच्या दुकानात. कोकणातल्या गावाहून आले ते आधी हमाल म्हणून लागले, मग काउंटरला आले, आणि शेवटची वीस-बावीस वर्षं दुकानाची दर्शनी बाजू त्यांच्या एकट्याच्या हातात होती. सकाळी शटर वर गेलं की शेठ गल्ल्यावर बसून अगरबत्ती लावायचा आणि मामा दारात भांडी लावायचे — हंडे, कळशा, पराती, डबे, तांबे. लग्नसराईत तर म्हणे समोरचा कापडवाला स्वतःचं दुकान सोडून बघायला यायचा. हे मला मामांनी नाही सांगितलं. शेठनेच सांगितलं, आमच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत. मामा स्वतःबद्दल बोलण्यात फार कंजूष होते.

लग्न होऊन मी बदलापूरला आले ती दोन हजार सालाच्या पुढेमागे. कात्रपला वन रूम किचन. नवरा मिलिंद अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टच्या नोकरीवर, मी अंबरनाथच्याच एका शाळेत चित्रकला शिकवायला. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. आणि मामा नुकतेच घरी बसलेले — म्हणजे कामावरून सुटलेले, बसणं त्यांना कधी जमलंच नाही. त्या एवढ्याशा घरात मी माझं इझल घेऊन घुसले. हुंडा नको म्हटलं तर ही टर्पेंटाइनचा वास घेऊन आली, असं मिलिंद अजून म्हणतो. कंपनीत आठ तास केमिकल आणि घरी आलं की पुन्हा केमिकल, त्याची कुरकुर खोटी नव्हती. मामांनी त्याला एका वाक्यात गप्प केलं. म्हणाले, तुझ्या वासाचा पगार येतो, तिच्या वासाचं चित्र येतं, खिडकी उघड.

आणि खिडकीखालचं टेबल मला देऊन टाकलं. ते त्यांचं टेबल होतं, पेपर वाचायचं. मी तेव्हा ‘थँक्यू मामा’ म्हटल्याचं आठवतं. त्या टेबलावर पुढे जे काही झालं, त्याच्यासाठी तेवढंच म्हणून झालं माझं.

मला वेड होतं स्थिरचित्रांचं, तैलरंगातल्या. माणसं मला जमत नाहीत, ती हलतात. भांडी हलत नाहीत. आणि हाताने मी चांगली होते, उगाच विनय कशाला — पितळेचा पिवळा कुठे हिरवट होतो, स्टीलच्या डब्यात खिडकी कशी वाकडी दिसते, कांद्याच्या सालीतला तो गुलाबी, हे मला दिसायचं आणि उतरवताही यायचं. पण चित्र काही उभं राहायचं नाही. का राहायचं नाही तेही कळायचं नाही. मी भांडी मांडायचे कशी? शाळेत ग्रेड परीक्षेच्या सरावाला मांडते तशी. मागे उंच, पुढे बुटकं, बाजूला एक वांगं, खाली घडी पडलेलं फडकं. वर्षानुवर्षं पोरांसाठी तेच मांडून माझा हातच तसा वळला होता.

एका सोमवारी शाळेतून आले तर टेबलावरचं सगळं हललेलं. रविवारभर बसून मी निम्मं चित्र रंगवलं होतं — आणि आता कळशी जागेवर नाही, वांगं गायब, फडकं भलतीकडेच. माझं टाळकं सरकलं. मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, चोरी पकडल्यासारखे. म्हणाले, पुसायला घेतलं होतं, हात गेला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि टेबलाकडे बघितलं. मग बघतच राहिले. तीच कळशी, तोच डबा, तेच दोन कांदे. पण आता कुणीतरी नुकतंच तिथून उठून गेल्यासारखं वाटत होतं. कळशी कडेला सरकली होती. डबा तिच्यामागे अर्धा लपला होता, त्याचं झाकण काढून बाजूला टेकवलेलं. आणि मध्ये थोडी मोकळी जागा होती, तिथून नजर आपोआप आत जात होती.

मामा हळूच म्हणाले, "टीचर, तू भांडी वर्गात पोरं बसवल्यासारखी बसवतेस. जरा सुटी दे त्यांना."

मी ते निम्मं चित्र खरवडून काढलं आणि नवीन सुरू केलं. ते माझं पहिलं खरं चित्र.

त्यानंतर आमच्यात ठरवून असं काही ठरलं नाही. मी रात्री जेवणं झाली की भांडी, फळं, भाजी टेबलावर नुसती ठेवून द्यायचे. सकाळी मी डबा करत असताना मामा खिडकीशी उभे राहून ती लावायचे, कधी पंधरा मिनिटं, कधी तासभर. माझी शाळा दुपारची, त्यामुळे सकाळचे दोन तास उजेड माझा. लावून झालं की मामा शिंप्याच्या खडूने प्रत्येक भांड्याच्या बुडाभोवती बारीक रेघ मारायचे. तैलरंग वाळायला दिवस लागतात, एकेक चित्र महिना-महिना चालतं. तोवर कुणाचा धक्का लागला तरी भांडं परत आपल्या जागी यायला हवं. ही त्यांची दुकानातली सवय. तिथे एक कळशी विकली गेली की खडूच्या त्याच गोलात तेवढीच दुसरी. आमच्याकडे पाहुणे आले, त्यात कुणाचं लहान पोर असलं, की मामा टेबलासमोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसायचे. सगळ्यांना सांगायचे, टेबलाला हात लावू नका, टीचरचं काम चालू आहे.

टीचरचं काम — ऐकलंत ना?

लावता लावता ते जे सुटं सुटं बोलायचे, तेच मी आज शिकवते. चमकणारं एकच भांडं पुढे घ्यायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. दोघांची तोंडं एकाच दिशेला नकोत, रुसून बसल्यासारखी दिसतात. अर्धं झाकलेलं भांडं गिऱ्हाईक आधी मागतं. दारातून येणाऱ्या डोळ्याला आत वाट ठेवायची, नाहीतर तो दारातूनच परत जातो. आणि अजून एक, हे जरा लक्षात ठेवा — भांड्यावर नाव घातलेलं असेल तर ते भिंतीकडे वळवायचं. लग्नातल्या, बारशातल्या, वास्तुशांतीच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं, तुमच्याही घरी असतील अशी. मामा म्हणायचे, नाव दिसलं की डोळा वाचायला लागतो, बघायचं सोडतो. आमच्या टेबलावर इतक्या चित्रांत एकदाही नाव पुढे आलं नाही. एकदा सोडून.

आमच्या घरी एक पितळी तांब्या होता. आहे. शेठच्या दुकानात नाव घालायचं मशीन पहिल्यांदा आलं — सुईसारखं टोक आणि भुंग्यासारखा आवाज — तेव्हा शेठने मामांना सांगितलं, आधी कशावर तरी हात बसव. मामांनी पोचा आलेला एक तांब्या घेतला आणि त्याच्या खांद्यावर स्वतःचं नाव घातलं. सुरुवात मोठ्या अक्षरांत केली, शेवटी जागा पुरेना, म्हणून आडनावातला शेवटचा ‘ळ’ अंग चोरून बसल्यासारखा लहान आलाय. तो तांब्या त्यांनी शेठकडून मागून घेतला.

त्याबद्दल ते मला एकदाच बोलले, तांदूळ निवडता निवडता, हसत हसत. गावात त्यांच्या आजीला पाणी वरून ओतायचे, भांड्याला भांडं लागू न देता. तिने ओंजळ धरायची. आणि आता बघ, म्हणाले, अर्ध्या उल्हासनगरच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांना पहिला हात माझा लागलाय. लावली मी, पुसली मी, नावंपण मीच घातली. पण सगळी दुसऱ्यांची. आपलं नाव असलेलं भांडं आपल्या खानदानात हे पहिलं.

मी ऐकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं नाही सांगत. म्हणूनच पुढचं सांगणं अवघड आहे. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

अंबरनाथला एका हॉलमध्ये आम्हा काही कलाशिक्षकांचं मिळून प्रदर्शन होतं. माझी तीन चित्रं होती. पाहुणे म्हणून मुंबईहून एक ज्येष्ठ चित्रकार आले होते, कमी बोलणारे. बाकीच्या चित्रांपुढून ते मान हलवत गेले आणि माझ्या चित्रांसमोर थांबले. बराच वेळ. मग विचारलं, "मांडणी कुणाची?"

साधाच प्रश्न. वर्गात मांडणी बरेचदा सर करून देतात आणि विद्यार्थी रंगवतात, म्हणून विचारलं असणार. मामा माझ्या डाव्या हाताला उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात माझ्या डब्याची पिशवी. मी म्हटलं, "माझीच."

पाहुणे म्हणाले, रंगवणारे हात पुष्कळ असतात, असं लावणारा डोळा क्वचित मिळतो. मी मान खाली घालून ‘थँक्यू सर’ म्हटलं. लोकांना तो नम्रपणा वाटला.

परत येताना रिक्षात मामा खुशीत होते. मला वाटलं होतं गप्प बसतील, निदान बाहेर तरी बघत राहतील. छे. साहेब जाणकार माणूस वाटला, म्हणाले. बरोबर जागी थांबला.

तुम्हाला वाटलं असेल, झाला सांगून गुन्हा. नाही झाला. हे खोटं वाईटच होतं, पण ते तोंडातून निसटलं होतं, आणि निसटलेलं उचलता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नुसतं म्हटलं असतं, मामा, काल माझं चुकलं — त्यांनी चहाचा कप पुढे केला असता आणि विषय संपला असता. मी म्हटलं नाही. पुढच्या दीड वर्षात अशा किती सकाळी मिळाल्या मला? रोज एक. उलट मी शिक्षकांच्या शिबिरांत मांडणीवर भाषणं द्यायला लागले. मामांच्या बोलण्यातलं गिऱ्हाईक काढलं आणि तिथे प्रेक्षक घातला. अर्धी झाकलेली वस्तू प्रेक्षक आधी शोधतो. लोकांनी वहीत उतरवून घेतलं. माझे मलाच ते माझे नियम वाटायला लागले, इतकी मी त्यात मुरले.

घरी खडूच्या रेघा पडतच होत्या. मामांनी एका दिवसाचाही खाडा केला नाही.

मग माझं एकटीचं प्रदर्शन ठरलं, उल्हासनगरला, बाजारापासून जवळच्याच एका हॉलमध्ये. बारा चित्रं तयार होती, तेरावं मोठं करायचं होतं. मी नेहमीसारखी भांडी ठेवून दिली. सकाळी डबा भरून बाहेर आले तर मामा मांडणी करून बाजूला उभे होते, हात मागे बांधून. एरवी ते असे थांबत नसत, लावून झालं की पेपर घेऊन बसायचे.

मागे काळवंडलेली कढई भिंतीला टेकवलेली, तिच्या पोटात अंधार. तिच्यापुढे तिरकी परात, परातीत फोडलेलं डाळिंब, काही दाणे बाहेर सांडलेले. आणि पुढे, खिडकीच्या ऐन उजेडात, चमकणारं एकच भांडं. तो तांब्या. नाव समोर.

चुकून झालं असेल? ज्या माणसाच्या हातून इतक्या वर्षांत एक वाटी चुकून वळली नाही, त्याच्या हातून स्वतःच्या नावाचा तांब्या चुकून वळेल? आमची नजरानजर झाली. ते म्हणाले, "बघ टीचर, जमतंय का." आणि चपला घालून फिरायला निघून गेले.

त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. तीही शब्दांनी नाही मागितली. आणि मागताना चित्राला धक्का लागणार नाही याची काळजी घेतली होती बघा — मांडणी अशी होती की डोळा आधी डाळिंबावर जायचा, मग परातीवरून मागे कढईच्या अंधारात, आणि तिथून फिरून येऊन अगदी शेवटी नावावर. सगळं बघून झाल्यावर वाचायचं. इतकी चांगली मांडणी मी आजतागायत पाहिलेली नाही.

महिनाभर रंगवत होते. लोडशेडिंगचे दिवस, पण सकाळच्या उजेडाला त्याचं काय. कढई झाली, परात झाली, डाळिंबाने चार दिवस छळलं — ते सुकायचं, मामा रोज बाजारातून नवं आणून अगदी तसंच फोडायचे. तांब्याच्या खांद्यावर, नावाच्या जागी, मी रंग पातळच ठेवला होता. मामा येता-जाता बघायचे आणि काही विचारायचे नाहीत. त्यांना वाटत होतं अक्षरं शेवटी येणार. दुकानातही भांडं पसंत पडून, पुसून, सगळं झालं की शेवटी नाव घालतात. एक दिवस मी वर येत होते तर ते जिन्यात शेजारच्या काकांना सांगत होते, नाव लास्टला टाकणार ती, खालचा रंग वाळायला पाहिजे ना. मी मुद्दाम चपलांचा आवाज केला आणि त्यांच्या बाजूने वर गेले.

हे ऐकूनही? हो. ऐकूनही.

शेवटच्या सकाळी मामा फिरायला गेले होते. मी कॅनव्हाससमोर बसले. अक्षरं काढणं अवघड नव्हतं, बारीक ब्रशने तासाभराचं काम. मला नाव स्पष्ट दिसत होतं, त्या लहान ‘ळ’सकट. आणि मला हॉलही दिसत होता, चित्रासमोर थांबलेली माणसं दिसत होती. हे नाव कुणाचं? सासऱ्यांचं. काय करतात ते? भांड्यांच्या दुकानात मांडणी करायचे. — आणि मग कुणाला काही सांगायची गरजच उरली नसती. मी पॅलेटवर पांढरा घेतला, त्यात किंचित लिंबू-पिवळा. चाकूच्या टोकावर उचलला आणि नावाच्या जागेवरून एकदाच ओढला. जाड, ओला, लख्ख उजेड. तीन सेकंदही लागले नाहीत. मग खाली उजव्या कोपऱ्यात मी माझी सही केली.

हेच ते वाक्य. मी मामांचं नाव चकाकीखाली गाडलं.

तांब्या मी वळवून ठेवू शकले असते. मग मामांना निदान कळलं असतं की ही नको म्हणतेय, त्यांना माझ्याशी वाद घालता आला असता. मी तो टेबलावर जसाच्या तसा राहू दिला आणि चित्रात पुसला. आणि खरं दुखतं ते हे — चित्रकार म्हणून तो फटका उत्तम होता. माझ्या हातून तशी चकाकी पुन्हा उतरली नाही.

प्रदर्शनाला मामांनी आपल्या जुन्या शेठला बोलावलं होतं. मला न सांगता. शेठ थकला होता, हातात काठी, मुलाने रिक्षातून आणून सोडलेला. मामा त्याला हाताला धरून एकेक चित्र दाखवत होते, घाई न करता, आणि शेवटी मोठ्या चित्रासमोर घेऊन आले. तोवर त्यांना स्वतःलाही ते चित्र पुरं झालेलं बघायला मिळालं नव्हतं. मी ते ओलंच गुंडाळून — झाकून — हॉलवर पाठवून दिलं होतं. शेठने चष्मा वर केला, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. मग विचारलं, "साईं, तेरा नाम किधर है?"

मामांनी तांब्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

"लाईट में गया, शेठ," ते म्हणाले. "चमक देखो ना. कैसा चमक दिया है."

शेठने काठीवर दोन्ही हात ठेवले. हां, चमक तो है, म्हणाला. आणि भांड्यांत आयुष्य घालवलेले ते दोघं म्हातारे माझ्या त्या फटक्याचं कौतुक करत उभे राहिले, एकमेकांना बोटाने दाखवत.

मी तीन पावलांवर होते. काय केलं मी? चहा आला का बघायला गेले.

परतताना रिक्षात मामा म्हणाले, चकाकी मस्त आली टीचर. टोमणा होता का? मी तो आवाज इतकी वर्षं पुन्हा पुन्हा आठवून बघितलाय. नव्हता. असता तर मी निदान रडले असते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते तर खिडकीशी खडू घासल्याचा बारीक आवाज आला. मामांनी चौदावी मांडणी लावली होती. तांब्या तिच्यात होता, मागे, नाव भिंतीकडे.

ते मोठं चित्र कात्रपच्या एका डॉक्टरांनी घेतलं. त्यांच्या दवाखान्यात बाकांसमोर लावलंय, बसलेले लोक बघत असतात. मला ताप आला तर मी लांबच्या डॉक्टरकडे जाते. मिलिंदला वाटतं, मला या डॉक्टरांचं औषध लागू पडत नाही.

मामा त्यानंतर तीन वर्षं होते. शेवटी शेवटी हात थरथरायला लागला, तेव्हा ते खुर्चीत बसून नुसतं बोटाने दाखवायचे आणि मी भांडी सरकवायचे — जरा आत, अजून जरा, बास. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या सकाळी त्या. त्यांना माझ्याबद्दल काय वाटत होतं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण शिकवणं थांबवलं नाही. ज्या बाईने त्यांचं नाव पुसलं, तिला ते रोज सकाळी बघायला शिकवत राहिले, हातचं काही न राखता. आज मला भाजीवालीच्या पाटीतल्या वांग्यांतही वाट दिसते. निथळत ठेवलेल्या भांड्यांत कुणी पुढे यावं नि कुणी मागे राहावं ते दिसतं. आता मांडणी मीच करते, लोकांना आवडते, आणि दरवेळी त्यातलं एकेक भांडं त्यांच्या बोटाने सरकल्यासारखं सरकतं. मी किती भाग्याची, हे मला रोज कळतं. त्यांच्यासारखं माणूस मला सासरी मिळालं, खिडकीसकट, टेबलासकट. माझं सगळं बरं जे काही आहे, ते त्यांच्या हातचं आहे.

तांब्या ओट्यावर असतो. नाव माझ्याकडे करून ठेवते आणि सकाळचं पहिलं पाणी त्यातलं पिते. त्याने काही फिटत नाही, मला ठाऊक आहे. दवाखान्यातल्या चित्रात तिथे अजून उजेडच आहे.

त्या पाहुण्यांनी अंबरनाथच्या हॉलमध्ये मला एक साधा प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. तांब्यावर ठिपक्यांनी लिहिलंय ते असं, आणि शेवटचा ‘ळ’ लहान आहे: श्री. शिवराम धोंडू सकपाळ.

मांडणी त्यांची. सगळ्या चित्रांची.